आईच्या गाठीतलं बिघडलेलं जनुक मुलीकडे येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ५८ वर्षांच्या आईचं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा, पी५३ म्युटंट पॅटर्न’ असं लिहून आलं. पुढे रक्त तपासलं, त्यात बीआरसीए१ या जनुकात रोगकारक बदल सापडला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही ‘ट्यूमर सप्रेसर’ जनुकं आहेत, म्हणजे गाठ होऊ न देण्याचं काम करणारी. मावशीला दहा वर्षांपूर्वी ‘पिशवीचा कॅन्सर’ झाला होता आणि आईची आईही पन्नाशीत ‘पिशवीच्या कॅन्सरनं’ गेली. विचारणारी मुलगी ३४ वर्षांची आहे, तिला एक मूल आहे. धाकटी बहीण २८ वर्षांची, लग्न ठरायचं आहे. एक भाऊ आहे. ही दोन्ही बिघडलेली जनुकं आपल्यात आली का, घरातले सगळे कॅन्सर एकाच कारणाचे का, आणि आईला हे कसं सांगायचं, असं तिनं विचारलं आहे.

गेली चोवीस वर्षं मी बायकांच्या या अवयवांतल्या गाठी मायक्रोस्कोपखाली बघते आहे. उत्तर लांबणार आहे, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगते. पी५३चा बिघाड तुमच्याकडे आलेला नाही, तो आईच्या गाठीतच तयार झाला आणि गाठीबरोबरच निघाला. आईच्या रक्ताच्या तपासणीत बीआरसीएसोबत टीपी५३ हे, म्हणजे पी५३ प्रथिन बनवणारं जनुकही पाहिलं असेल आणि तिथं दोष नाही असं लिहिलं असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. बीआरसीए१चा बदल मात्र आई जन्मापासून वागवते आहे. तो तुमच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी, बहिणीची निम्मी आणि भावाचीही निम्मी. मावशीचं आणि आजीचं काय, हे एवढ्या माहितीवर सांगता येत नाही, कारण ‘पिशवीचा कॅन्सर’ या शब्दांतून नेमका अवयव कळत नाही.

आपल्याकडे ‘पिशवी’त गर्भाशयाचं तोंड येतं, गर्भाशयाचं आतलं अस्तर येतं आणि पुष्कळदा अंडाशयही येतं. ऑपरेशनमध्ये सगळं एकत्र निघतं आणि घरी ‘पिशवी काढली’ एवढंच सांगितलं जातं. हे अवयव एकमेकांपासून काही सेंटिमीटरवर आहेत, पण त्यांच्या कॅन्सरमागचे बिघाड अगदी वेगवेगळ्या जातीचे असतात. म्हणून माझ्यासमोर अशी घराण्याची हकीकत आली की मी जुन्या माणसांना आजाराचं नाव विचारतच नाही, त्यांना आठवतं ते विचारते. पोट फुगलं होतं का, पोटातलं पाणी काढायला नेत होते का? मग अंडाशयाचा संशय जास्त. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं होतं का? मग गर्भाशयाचं अस्तर. घाण वासाचं पाणी जात होतं, संबंधानंतर रक्त जात होतं, ऑपरेशन न करता नुसतं रेडिएशन दिलं होतं का? मग गर्भाशयाचं तोंड. आजीबद्दल हे तीन प्रश्न मामाला किंवा मोठ्या मावशीला विचारा. मावशीचे कागद दहा वर्षांपूर्वीचेच आहेत, ते शोधा. ‘कार्सिनोमा सर्व्हिक्स’ (गर्भाशयाचं तोंड) की ‘एंडोमेट्रियम’ (गर्भाशयाचं अस्तर), या एका शब्दावर तुमच्या घराचा नकाशा बदलतो.

आता जनुकांकडे वळू. प्रत्येक पेशीत या जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडली तरी बहुतेक वेळा दुसरी काम निभावून नेते. दोन्ही गेल्या की पेशीला कुणाचा धाक राहत नाही. हे गणित १९७१ साली आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं, तेही लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या गाठीच्या अवघ्या ४८ रुग्णांच्या नोंदींवरून. काही मुलांना गाठ फार लवकर आणि दोन्ही डोळ्यांत होते, काहींना उशिरा आणि एकाच डोळ्यात. पहिल्या मुलांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असणार, त्यामुळे दुसरी जायचा अवकाश. दुसऱ्या मुलांत दोन्ही प्रती जन्मानंतर जाव्या लागतात, असं त्यांनी ताडलं. ते जनुक, आरबी१, १९८६ साली हाती लागलं. पुढे ते आपल्याला गर्भाशयाच्या तोंडाशी पुन्हा भेटणार आहे.

यातून एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वारशानं येतो तो कॅन्सर नसतो, दोनपैकी एक बिघडलेली प्रत येते. उरलेली प्रत अंगातल्या कोट्यवधी पेशींपैकी एखाद्या पेशीत कधीतरी जाते, किंवा आयुष्यभर जातही नाही. त्यामुळे एकाच आईच्या दोन मुलींत तोच बदल असूनही एक आजारी पडते आणि दुसरी ऐंशी वर्षं सुखानं जगते. घरचे मग म्हणतात, ‘हिला काही झालं नाही, म्हणजे आपल्यात नसेल.’ असं नसतं.

आईच्या रिपोर्टातला पी५३चा शेरा कसा तयार होतो, तेही सांगते, कारण घाबरवणारा शब्द बहुतेकदा तोच असतो. गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो. त्याची तीन-चार मायक्रॉन जाडीची चकती कापून काचेवर घेतात आणि तिच्यावर पी५३ या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. जिथं प्रथिन आहे तिथं तपकिरी रंग चढतो, बाकी सगळं निळसर राहतं. निरोगी ऊतीत हा तपकिरी रंग विखुरलेला दिसतो: एक केंद्रक फिकट, शेजारचं गडद, मधेच दोन-चार अगदी कोरी. आईच्या जातीच्या गाठीत मात्र बहुधा दोनांपैकी एक चित्र असतं. एकतर सगळी केंद्रकं एकजात गडद तपकिरी, नाहीतर एकातही रंगाचा ठिपका नाही. दोन्हींचा अर्थ एकच, जनुक बिघडलं आहे.

गडद रंग पाहून नातेवाईक विचारतात, ‘पी५३ जास्त आहे, म्हणजे संरक्षण जास्त ना?’ उलट आहे. निरोगी पेशीत पी५३ तयार होतं आणि काही मिनिटांत मोडलंही जातं. त्याला मोडणारं एमडीएम२ हे प्रथिन पी५३च्याच हुकमानं बनतं. बिघडलेलं पी५३ तो हुकूम देऊ शकत नाही, म्हणून मोडलं न जाता साचून राहतं. काचेवर दिसतो तो निकामी मालाचा ढीग. आणि जनुक मधेच तुटलं असेल तर प्रथिन तयारच होत नाही, तेव्हा काच कोरी.

पण कोरी काच पाहून घाई केली तर पस्तावायची पाळी येते. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावाहून अख्खं गर्भाशय न कापता, छोट्याशा बरणीत बोटभर फॉर्मालिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवणाऱ्या द्रवात, कोंबून आमच्याकडे आलं. काढून तीन दिवस झाले होते. बाहेरून घट्ट, आतून कुजलेलं. पी५३ लावलं तर सगळं रिकामं. त्याच काचेवरून ‘नल पॅटर्न’, म्हणजे प्रथिन मुळीच नाही, असं लिहिलं असतं तर त्या बाईला जहाल रोगाच्या रांगेत बसवलं गेलं असतं. मी गाठीशेजारचे लिम्फोसाइट आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर पाहिलं. निरोगी पेशींत थोडाफार रंग यायलाच हवा, तिथंही नव्हता. म्हणजे जनुकाचा काही संबंध नव्हता, रंगच चढला नव्हता. त्यातल्या त्यात बऱ्या टिकलेल्या दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा केलं, तेव्हा पी५३ अगदी निरोगी, विखुरलेलं आलं. तिची गाठ गर्भाशयाच्या अस्तराची, साधी, कमी धोक्याची होती. केमो लागलीच नाही. तेव्हापासून मी कळकळीनं सांगते आहे: अवयव निघाला की उभा कापून उघडा आणि त्याच्या दहापट फॉर्मालिनमध्ये ठेवा. जनुकांच्या महागड्या तपासण्या नंतरच्या, सगळी मदार या बरणीवर.

अंडाशयाच्या या जातीत पी५३ बिघडलेलं असणं इतकं ठरलेलं आहे की ते आता ओळखचिन्हच झालं आहे. २०११ साली अमेरिकेतल्या ‘द कॅन्सर जीनोम ॲटलस’ या प्रकल्पात अशा ३१६ गाठींचं जनुकवाचन प्रसिद्ध झालं. ९६ टक्के गाठींत टीपी५३ बिघडलेलं होतं. त्यामुळे या शेऱ्यावरून आजाराची जात कळते, घराण्याबद्दल त्यातून काही कळत नाही. जन्मतः टीपी५३ बिघडलेली घराणी असतात, पण ती विरळा, आणि त्यांचं चित्र वेगळं असतं: लहान वयात हाडांचे, स्नायूंचे, मेंदूचे, स्तनाचे कॅन्सर.

आणखी एक. आपण याला अंडाशयाचा कॅन्सर म्हणतो खरं, पण बहुतेकदा त्याची सुरुवात गर्भनलिकेच्या टोकाशी, अंडाशयावर झुकलेल्या झालरीत होते. २००१ साली नेदरलँड्समधल्या पॅथॉलॉजिस्टांनी बीआरसीएचा बदल असलेल्या किंवा घराण्यात अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या बायकांच्या प्रतिबंधासाठी काढलेल्या नलिका बारकाईनं पाहिल्या, तेव्हा तिथं कॅन्सरच्या आधीचे बदल सापडले. आज अशा नलिकेची झालर आम्ही दोन-तीन मिलिमीटरच्या कापांत पूर्ण तपासतो. डाळीच्या दाण्याहून लहान जागेत पेशींची एक रांग दाटलेली आणि पी५३नं गडद तपकिरी झालेली दिसते. ती वेळेत सापडली तर त्या बाईचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं. म्हणूनच तुमच्यापैकी कुणावर पुढे असं ऑपरेशन व्हायचं असेल, तर नलिका पूर्ण काढून पूर्ण तपासल्या जातील ना, हे आधी विचारून घ्या.

बीआरसीए१ची गोष्ट वेगळी. हे जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवलं. प्रत्यक्ष जनुक १९९४ साली सापडलं आणि बीआरसीए२ त्याच्या पुढच्या वर्षी. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर ते अक्षरशः जसेच्या तसे जोडणं हे त्यांचं काम. टीपी५३ही १७व्या गुणसूत्रावरच, त्याच्या दुसऱ्या टोकाकडे. आईच्या जातीच्या गाठींत बहुधा त्या गुणसूत्राची एक अख्खी प्रतच गळालेली दिसते. एका घावात दोन्ही राखणदारांची उरलेली चांगली प्रत जाते. आईच्या रिपोर्टात ही दोन नावं शेजारी शेजारी आली, त्यामागं हे आहे.

आकडे सांगते, पण ते मुख्यतः पाश्चात्त्य घराण्यांतले आहेत हे लक्षात ठेवून वाचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार वयाच्या ८० वर्षांपर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता बीआरसीए१मध्ये ४४ टक्के, बीआरसीए२मध्ये १७ टक्के. स्तनाचा अनुक्रमे ७२ आणि ६९ टक्के. सर्वसाधारण बाईत अंडाशयाचा धोका एक टक्क्याच्या आसपास.

तुम्ही आणि बहीण, दोघींनी तपासणी करावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि भावानंही. पुरुषांत हा बदल लपून बसतो. त्यांना प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो आणि ते मुला-मुलींना हा बदल देऊ शकतातच. तुमच्या मुलाची किंवा मुलीची तपासणी आत्ता करू नका. सज्ञान झाल्यावर त्यांचं त्यांनी ठरवावं. तुमची तपासणी आईच्यापेक्षा बरीच स्वस्त असते, कारण सगळी जनुकं वाचायची नसतात, आईत सापडलेला तोच एक बदल आहे की नाही एवढंच बघायचं असतं. तो नसेल तर आईच्या बदलाचा धोका तुमच्यापुरता संपला. तुमच्या मुलांकडेही तो जाणार नाही.

असेल तर? बीआरसीए१ असलेल्या बाईनं मुलं झाल्यावर ३५ ते ४० या वयात अंडाशय आणि नलिका काढून घ्याव्यात, अशी शिफारस आहे. बीआरसीए२मध्ये ४० ते ४५पर्यंत थांबता येतं. ३४व्या वर्षी तुम्ही या निर्णयाच्या उंबरठ्यावर आहात, म्हणून चालढकल करू नका, आणि घाईही नको. पाळी अचानक जाण्याचे त्रास, हाडं, हार्मोन्स, यावर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी नीट बोलून घ्या. बहिणीला २८व्या वर्षी अंडाशय काढायचं कुणी सांगणार नाही. तिला तपासणीचा उपयोग स्तनांसाठी आहे. बदल असेल तर पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि तिशीपासून सोबत मॅमोग्राम करतात.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधली सीए-१२५ची रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी दरवर्षी केली म्हणजे अंडाशयाची काळजी मिटली, असं कृपा करून समजू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर याची चाचणी झाली. २०२१ साली निकाल आला आणि या तपासणीनं मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. हे ऐकून लोकांचा विरस होतो, पण खोट्या धीरापेक्षा हे बरं.

याच दोषातून आईला एक औषध मिळतं. जोडकाम मोडलेल्या गाठीच्या पेशींना कार्बोप्लाटिनसारखं केमो जास्त लागू पडतं. शिवाय त्या पेशी दुरुस्तीच्या दुसऱ्या एका वाटेवर, पार्प नावाच्या एन्झाइमवर, तगून असतात. ती वाट बंद करणारं ओलापॅरिब दिलं की गाठीच्या पेशी मरतात. आईच्या निरोगी पेशींत बीआरसीए१ची एक चांगली प्रत असते, म्हणून त्या निभावून जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केमोला चांगला प्रतिसाद दिलेल्या अशा बायकांना दोन वर्षं ओलापॅरिब दिलं. तीन वर्षांनी रोग न वाढलेल्या बायका त्या गटात ६० टक्के होत्या, नुसत्या साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांत २७ टक्के. सगळ्यांत ते कायम चालत नाही. काही गाठी कालांतरानं बीआरसीएची मोडलेली अक्षरं स्वतःच दुरुस्त करून घेतात आणि औषधाला दाद देईनाशा होतात. तरी आईच्या डॉक्टरांशी याबद्दल अजून बोलणं झालं नसेल तर पुढच्याच भेटीत विषय काढा.

आता मावशी. कागदावर ‘सर्व्हिक्स’ निघालं, तर ती गोष्ट या घराण्याच्या बदलाशी जोडू नका. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये टीपी५३ आणि मघाचं आरबी१ ही दोन राखणदार जनुकं निकामी होतात, पण त्यांचं अक्षर एकही न बिघडता. एचपीव्ही हा विषाणू पेशीत शिरून दोन प्रथिनं बनवतो. ई६ हे प्रथिन पी५३ला पेशीच्याच कचरा-यंत्रणेच्या हवाली करतं, ई७ हे आरबीला धरून निकामी करतं. जनुक धडधाकट, त्यातून प्रथिनही बनतं, आणि बनल्या बनल्या नष्ट होतं. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. त्यांच्यात एचपीव्ही १८ आहे आणि त्यांचं टीपी५३ जनुक आजही शाबूत आहे.

अशा रिपोर्टात ‘पी१६ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं सापडेल. पी१६ हेही गाठीला आवर घालणारंच प्रथिन. आरबी निकामी झालं की पेशी पी१६ भरमसाट बनवत राहते. पण ते ज्याच्यामार्फत आवर घालणार तेच उरलेलं नसतं. काचेवर सलग तपकिरी पट्टा दिसतो आणि तो विषाणूचा माग ठरतो. याला थोडे अपवाद आहेत, एचपीव्हीशिवाय होणाऱ्या ग्रंथींच्या काही गाठी. ओठांवर लहानपणापासून काळे ठिपके आणि आतड्यात पॉलिप असलेल्या घराण्यांत एसटीके११ या जनुकामुळे अशी गाठ होऊ शकते. योनीद्वाराच्या कॅन्सरमध्येही असेच दोन रस्ते असतात, एक विषाणूचा, एक पी५३ बिघडण्याचा.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण हा कॅन्सर टाळता येतो आणि तरी भारतात २०२२च्या अंदाजानुसार वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना तो झाला, जवळपास ऐंशी हजार गेल्या. आणि तो टाळण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी अभ्यास केला. निकाल २००९ साली आला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच! या अभ्यासाचं महत्त्व जगानं ओळखलं. आपल्या गावांत तो किती जणींना माहीत आहे? मावशीच्या मुलींना, तुम्हाला, तुमच्या जावांना ही तपासणी करून घ्यायला सांगा. घरात ९ ते १४ वयाच्या मुली असतील तर लस द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लसीला २०२२ साली परवानगी मिळाली. १६ आणि १८ हे दोन मुख्य दोषी प्रकार तिच्यात आहेत. आईचा बीआरसीए१ आला की नाही याच्याशी याचा काही संबंध नाही, हे दोन्ही वेगळं करायचं आहे.

आजीची गाठ अस्तराची निघाली तर तिसरीच तऱ्हा. तिथं सगळ्यात जास्त वेळा हरवलेलं दिसतं ते पीटेन हे जनुक. तेही बहुतेकदा गाठीपुरतं, वारशानं नाही. वजन, मधुमेह, वर्षानुवर्षं अनियमित पाळी, यांतून इस्ट्रोजेनचा मारा होत राहतो आणि त्या जमिनीत अशी गाठ उगवते. २०१३ साली त्याच ॲटलस प्रकल्पानं अस्तराच्या गाठींचे चार गट पाडले आणि २०२३ साली फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ते टप्पे ठरवण्याच्या पद्धतीत घेतले. पी५३ बिघडलेला गट साधारण १५ टक्के, पण मृत्यूंचा मोठा वाटा त्याचाच. इथं मात्र पी५३च्या शेऱ्यानं उपचार बदलतो.

या चारांतला एक गट घराण्याचा असू शकतो, डीएनएतल्या लिहिण्याच्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ या जनुकांचा. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं होतं, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती तरुणपणीच गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरनं गेली. वॉर्थिन यांनी तिचं शब्दशः ऐकून घेतलं, घराणं नोंदवलं, १९१३ साली प्रसिद्ध केलं. त्या घराण्यातला दोष एमएसएच२मध्ये आहे, हे २००० साली कळलं. तिनं मात्र ते शंभर वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. घरातल्या बायका आजारांची अशी नोंद तोंडी ठेवतात, ती मी कधी उडवून लावत नाही.

इथंही एक खाच आहे. एमएलएच१चा रंग आला नाही म्हणजे वारसा, असं नसतं. उतारवयात बहुधा त्या जनुकाची अक्षरं जागेवर असतात, पण त्याच्यावर मिथाइलचं कुलूप बसून ते मुकं झालेलं असतं. आधी ते तपासतात, मग रक्त. माझा अंदाज विचाराल तर, तुमच्या घरात बीआरसीए१ सापडलेला असताना पन्नाशीत गेलेल्या आजीची गाठ अंडाशयाची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पण बदल आजोबांकडूनही आलेला असू शकतो, म्हणून पोटात पाणी झालं होतं का, हे मामाला विचाराच.

आणि मामालाही तपासायला सांगा. आपल्याकडे वंशावळ सांगताना लोक मामीचा आणि काकूचा कॅन्सर हमखास सांगतात, ज्यांचं आपल्याशी रक्ताचं नातं नसतं, आणि मामा, आत्या विसरतात. माहेरचे आजार सासूसमोर सांगायला बायका कचरतात. मी अशा वेळी सोबतच्यांना बाहेर बसवते आणि मग खरी हकीकत बाहेर येते. बहिणीच्या स्थळांची काळजी तुमच्या प्रश्नात जाणवली. तिचा रिपोर्ट हा तिचा आहे. कुणाला, कधी सांगायचा हे तिनं ठरवावं. मामाच्या मुलाशी लग्न करायची पद्धत तुमच्याकडे असेल तर एवढंच पाहा की हा बदल एकाच वेळी दोघांतही नाही. दोन्ही प्रती बिघडलेलं मूल जन्माला आलं तर त्याला रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो.

तपासणीत कुणाच्या कागदावर ‘व्हीयूएस’ आलं, म्हणजे अर्थ न ठरलेला बदल, तर त्यावरून अंडाशय काढू नका. असे बदल आपल्या लोकांत जास्त सापडतात, कारण तुलनेसाठी भारतीय नमुने कमी आहेत. पुढे त्यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात.

राहिली आई. माझ्या खोलीत अशा किती आया बसलेल्या मी पाहिल्यात. रिपोर्टाची घडी घालतात, उलगडतात, पुन्हा घालतात आणि म्हणतात, ‘माझ्यामुळे पोरींच्या नशिबी आलं.’ तिला हे तुमच्याच तोंडून कळू द्या, डॉक्टरांच्या गडबडीत नको. सांगा की तिलाही ते तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून असंच न विचारता आलं. त्यांच्या वेळी ते बघायची सोय नव्हती, तुमच्या वेळी आहे, आणि ती आहे कारण तिनं रक्त दिलं. रडली तर रडू द्या.

तपासणीला जाताना तिच्या जनुक-अहवालातलं ते पान सोबत न्या, ज्यावर बीआरसीए१च्या पुढं ‘सी’ अक्षरानं सुरू होणारा एक लांबलचक आकडा आहे. तुमच्या, बहिणीच्या, भावाच्या आणि मामाच्या तपासणीला तेवढी एक ओळ लागते.